काकांची फटफटी परदेशी जाते

आमचे घरमालक दर रविवारी फटफटी घेऊन बोटीनं परदेशी जात आणि संध्याकाळच्या चहाला परत येत. तोंडानं सांगायला गेले तर मलाच आधी हसू येईल आणि गोष्ट तिथंच राहील. म्हणून दुपारी घरात कुणी नसतं तेव्हा लिहायला बसले आहे. चौथीपर्यंतच शिकले, चुका होतील. वाचणार तरी कोण आहे!

आम्ही भाडेकरू त्यांना काका म्हणायचो. वर्सोव्याला त्यांच्या एका रांगेत चार खोल्या होत्या. पहिलीत ते आणि काकू, बाकीच्या तीन भाड्यानं दिलेल्या. तिसरी आमची. लग्न होऊन कणकवलीकडून मी थेट या खोलीत आले. हे अंधेरीला औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला होते, सकाळी जात ते अंधार पडल्यावर येत. मला माणसांची भीती वाटायची. बोलायचं झालं तर मी दाराआडून बोलायची, तेही काकूंशी. नळावर माझी पाळी कुणी घेतली तर मी हंडा घेऊन गुपचूप मागे सरकायची.

काकांना ते चालायचं नाही. "काय म्हणालीस?" असं ते मला तीन-तीनदा विचारायचे. मी तिसऱ्यांदा जरा मोठ्यानं बोलले की म्हणायचे, "हां. आत्ता माणूस बोलल्यासारखं वाटलं." त्यांचे कान उत्तम होते. चौथ्या खोलीत कुणी नळ टपकत ठेवला तर त्यांना पहिल्या खोलीत झोपेतून जाग यायची. मग हातातला पाना दारावर वाजवत जायचे. कडी वाजवणं त्यांना माहीतच नव्हतं.

पूर्वी ते गिरणीत फिटर होते. संप झाला आणि गिरणीचं दार काही परत उघडलं नाही. उरलेल्या वेळात ते लोकांचे स्टोव्ह आणि पाण्याचे पंप दुरुस्त करायचे, पण खरा वेळ जायचा फटफटीवर. गिरणीत असताना घेतलेली जुनी, काळी फटफटी. तिच्यावर गोणपाट टाकायचे, त्यावर चादर, त्यावर प्लॅस्टिक. सकाळी एकेक काढताना तिच्याशी बोलायचे, "उठा बाईसाहेब, ऊन आलं." काकू आतून म्हणायच्या, "मला कधी उठवलं नाही असं."

गिरणीत त्यांच्याबरोबर मद्रासकडचा एक माणूस होता. त्यानं सांगितलं होतं की अगदी खाली दक्षिणेला एका बंदरात फटफटी बोटीवर चढवायची, तीन-चार तास बसायचं आणि उतरायचं ते थेट लंकेत. विमान नको, काही नको, आपली फटफटी आणि आपण. तेव्हापासून काका येईल त्याला सांगायचे, "मी फटफटी घेऊन दर्यापार जाणार." आणि त्याचा सराव म्हणून ते वर्सोव्याच्या खाडीवरून पलीकडे मढला जाणाऱ्या बोटीत फटफटी चढवायचे.

असं ते सांगायचे. खरं काय ते चारही खोल्यांना माहीत होतं.

काकांना एकच मुलगी. ती पलीकडे मढला बालवाडीत शिकवायला जायची, रोज बोटीनं. तिकडच्याच एका कोळ्याच्या मुलाशी तिचं जमलं. मुलगा चांगला होता. घरची बोट होती, तो इंजिन बघायचा. पण काका म्हणाले, नाही. मग दोघांनी नोंदणी करून लग्न केलं आणि गळ्यात हार घालून नमस्काराला आली. मी दाराच्या फटीतून पाहत होते. काका उंबऱ्यात आडवे उभे राहिले आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं म्हणाले, "तुझ्या त्या गावाच्या मातीला माझा पाय लागायचा नाही. जिवंत असेपर्यंत लागायचा नाही." मुलगीही त्यांचीच. ती म्हणाली, "पाय लागेपर्यंत मीपण तुमच्याशी बोलायची नाही." आणि हार तुळशीपाशी ठेवून दोघं निघून गेली.

काकू त्या दिवशी एकच वाक्य बोलल्या. "त्यांचे बोंबील चालतात, त्यांचा मुलगा चालत नाही."

त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी काका धक्क्यावर जाऊन बोटवाल्याला विचारून आले, "फटफटी चढेल का रे?" पाय लागणार नाही असं म्हणाले होते. चाकं लागणार नाहीत असं कुठे म्हणाले होते!

रविवारी दुपारी जेवून ते लग्नातला कोट काढत. मे महिना असो नाहीतर काही असो. का तर परदेशात थंडी असते. अलीकडच्या धक्क्यावर फळी टाकून फटफटी ढकलत बोटीत न्यायची, ती ते स्वतः न्यायचे. पाणी मध्यावर आलं की मनगटावरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे करायचे. परदेशात वेळ वेगळी, असं त्यांना वाटायचं. मग फटफटीवर चढून बसायचे, दोन्ही पाय वर. पलीकडचा काठ आला की दोन बोटवाले दोन्ही बाजूंनी धरून त्यांना फटफटीसकट फळीवरून खाली घेत आणि घट्ट जमिनीवर आणून धक्का मारत. त्या धक्क्यानं इंजिन सुरू झालं की काका निघाले.

"नवरदेव आला रं, बाजूला व्हा!" बोटवाले ओरडायचे.

"घोड्याला नीट धरा," काका वरून सांगायचे.

मढ हे नाव त्यांनी कधी उच्चारलं नाही. मुलीच्या घरासमोरून जायचं, दोनदा हॉर्न वाजवायचा, वळसा घालून पुन्हा दोनदा वाजवायचा आणि परत बोटीवर. ती दारात येऊन उभी राहायची. बस, एवढंच. परत येताना पाणी मध्यावर आलं की घड्याळ पाच मिनिटं मागे.

काकूंची एक शिस्त होती. पाय धुतल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडायचा नाही. दाराशी बादली भरलेली असायची, वर तांब्या. पलीकडून येणाऱ्या माणसाचे पाय लगेच ओळखू येत. तिकडे उतरताना चिखल, काळा, चिकट. काका परत आले की काकू आधी त्यांच्या पायांकडे बघायच्या. इकडची धूळ तेवढी असायची. "कोरडेच आले," असं म्हणून त्या तांब्या पुढे करायच्या.

त्या स्वतः का जात नाहीत, असं मी एकदा धीर करून विचारलं. काकू तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "लेकीच्या घरी पहिल्यांदा आई-बापानं जोडीनं जायचं, आमच्यात रीत आहे. एकटी गेले तर तिची सासू विचारील, बाप खंय? काय सांगू? फटफटीवर आहे म्हणून सांगू?" मग तांदळातला खडा बाहेर फेकून म्हणाल्या, "यांचा पाय लागला की मी निघाले. तोवर माझा चेडू माका दिसायचा नाही." रागावल्या किंवा रडायला आलं की त्यांच्या तोंडी गावची भाषा यायची, लेकीचं चेडू व्हायचं.

पुढे कुणीतरी सांगत आलं की लंकेत लढाई सुरू झाली आणि ती बोट बंद झाली. मला वाटलं, आता काका रविवारी घरी बसतील. ते म्हणाले, "बोट बंद झाली म्हणून सराव बंद करायचा का?" आणि कोट घालून निघाले.

मुलीला दिवस गेल्याचं बोटवाल्यांकडूनच कळलं. पाचवा महिना लागला तेव्हा काकूंनी तांदळाच्या पिठाची बोरं तळली, लोणच्याची बरणी काढली, डबा भरला आणि तो कुणाबरोबर पाठवायचा ते काका-काकू मिळून ठरवू लागले. काका तर खाली उतरणार नाहीत. काकूंची नजर फिरत फिरत माझ्यावर आली.

"तुझा पाय लागला तर चालेल ना गं?"

मी फटफटीवर कधी बसले नव्हते. यांना विचारते, असं मी म्हणाले, म्हणजे सुटले असं मला वाटलं. पण हे म्हणाले, "जा की. वडीलधारे आहेत. चार माणसांत बोलायला तरी शिकशील."

काका खूश झाले. "परदेशात दुभाषी लागतोच," ते म्हणाले.

काकू मोठ्यानं हसल्या. "वाडीतली सगळ्यांत न बोलणारी दुभाषी घेतलीत."

"म्हणूनच घेतली. जास्तीचं काही सांगायची नाही."

त्या रविवारी मी पदर खोचून, डबा पोटाशी धरून त्यांच्या मागे एका बाजूला बसले. बोटवाल्यांकडे बघायचं धैर्य नव्हतं. "आज नवरदेव करवली घेऊन आलाय," एकजण म्हणाला. काकांनी त्याला बिडी दिली आणि म्हणाले, "गप. ती बोलत नाही, पण ऐकते सगळं."

मुलीच्या घराशी पोचलो तेव्हा नवी अडचण आली. मी उतरायचं, डबा द्यायचा, तोवर फटफटी उभी राहायला हवी. आणि पाय जमिनीला न टेकवता ती उभी राहणार कशी? काकांनी याचा विचार आधीच केलेला होता. घरासमोर बोंबील वाळवायला रोवलेल्या बांबूंच्या ओळी होत्या. ते अगदी त्यांच्या कडेनं आले आणि उजव्या हातानं एक बांबू घट्ट पकडून फटफटीवर बसून राहिले, दोन्ही पाय वर. डोक्याभोवती बोंबील लोंबत होते.

मुलगी बाहेर आली. पोट जरा दिसायला लागलं होतं. ती काकांच्या इतक्या जवळ उभी होती की हात लांब केला तर लागला असता. पण बोलणं माझ्यामार्फत.

"तिला विचार, जेवली का."

मी म्हणाले, "काका विचारतात, जेवलीस का."

"बाबांना सांग, जेवले."

"काका, ती म्हणते..."

"ऐकलं. मी बहिरा नाही. काय जेवली विचार."

"सांग त्यांना, बोंबलाचं कालवण."

काका म्हणाले, "कोकम घातलं होतं का विचार."

"सांग, इकडे चिंच घालतात."

"चिंच!" काका हातातल्या बांबूला म्हणाले. "परदेश तो परदेशच."

मुलीनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती, हे काकांना दिसत होतं. त्यांनी मान फिरवली आणि समोरच्या बोंबलांकडे बघत बसले.

असे पुष्कळ रविवार गेले. कधी घावणे, कधी सुंठीचे लाडू. तिची सासू मोठी तोंडाळ बाई होती, मनानं मोकळी. टोपली डोक्यावर घेऊन येता-जाता काकांना टोमणे मारायची. "व्याही, खाली उतरा, घोड्याला पाणी दाखवते." काका उत्तर द्यायचे नाहीत, पण रविवारी ती दिसली नाही तर मला विचारायचे, "ती आरडणारी बाई बरी आहे ना?" मी विचारून यायची. एव्हाना मला बोलायची सवय लागली होती. एकदा नळावर माझी पाळी कुणी घेतली तेव्हा मी म्हणाले, "माझा हंडा आधी आहे." सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. काका पाना घेऊन बाहेर आले होते, ते तसेच आत गेले.

काकू दुपारभर जुन्या लुगड्यांची लहानशी गोधडी शिवत बसायच्या. पूर्ण झाली की एका पिशवीत घातली. त्यात बाळाची टोपडी, काजळाची डबी. ती पिशवी दारामागच्या खुंटीला टांगली. माझ्याबरोबर पाठवा म्हटलं तर म्हणाल्या, "ही माझ्या हातानंच द्यायची." काका जाता-येता त्या पिशवीकडे बघायचे आणि न बघितल्यासारखं करायचे.

तिला मुलगी झाली. सासूनं दारातूनच ओरडून सांगितलं. काकांनी त्या दिवशी चारदा जास्त हॉर्न वाजवला. सव्वा महिना बाळ-बाळंतीण बाहेर पडायची नव्हती. तेवढे रविवार काका त्या बांबूला धरून बंद दाराकडे बघत बसले. मी आत जाऊन बघून यायची आणि सांगायची. रंग गोरा आहे. जावळ खूप आहे. "नाक?" काका विचारायचे. मी म्हणाले, तुमच्यासारखं आहे. ते खोटं होतं. एवढ्याशा बाळाला नाक कुठलं असतं! पण परत येताना त्यांनी बोटीत तीन बोटवाल्यांना ते सांगितलं.

सव्वा महिना झाला त्या रविवारी ओहोटी होती. पाणी लांब गेलेलं, बोट काठापासून बरीच आधी थांबली. बोटवाल्यांनी काकांना फटफटीसकट त्या काळ्या राडीतून बाहेर काढलं. त्यांचे पाय मांड्यांपर्यंत भरले, काकांचे कोरडे.

घराशी आलो. काकांनी बांबू धरला. दार उघडलं आणि मुलगी बाळाला घेऊन बाहेर आली, मागे सासू, जावई. उन्हात बाळानं डोळे मिटून घेतले होते. मुलगी काकांच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली.

"तिला सांग," काका म्हणाले आणि थांबले. मी वाट बघत होते. "तिला सांग, जरा दे म्हणावं."

मी सांगितलं.

काकांनी हँडल सोडून डावा हात पुढे केला. उजवा बांबूवर. तळवा वर करून, भीक मागतो तसा एक हात. मुलगी जागची हलली नाही.

"बाबांना सांग," ती म्हणाली, "एका हातात मावत नाही ती."

तो हात तसाच पुढे होता. तेवढ्यात सासूनं बाळाला सुनेच्या हातातून घेतलं आणि काकांच्या समोर धरलं. "दोन हातानं घ्या व्याही. पोर हाय ही, बोंबलांची जुडी न्हाय."

बाळानं डोळे उघडले.

काकांनी बांबू सोडला. मला वाटतं, आपण सोडला हे त्यांना कळलंही नसेल. दोन्ही हात बाळाकडे गेले. फटफटी डगमगली. त्यांचा डावा पाय खाली आला, अंगणातल्या चिखलात पक्का बसला आणि फटफटी त्यांच्याखालून उजवीकडे निसटून बांबूंवर जाऊन आदळली. बांबूंची अख्खी ओळ खाली आली. अंगावर, डोक्यावर, कोटावर बोंबीलच बोंबील. जिला ते रोज तीन-तीन पांघरुणं घालायचे ती फटफटी आडवी पडून चाक फिरवत होती. काकांनी वळून बघितलं नाही. बाळाला छातीशी धरून ते दोन्ही पायांवर उभे होते. एक चप्पल फटफटीखाली अडकली होती. दुसरी चिखलात.

"बाबा, लागलं का हो?" मुलगी म्हणाली. त्यांना. मला नाही.

काकांनी तिच्याकडे बघितलं. मग पायांकडे. मग सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत ठामपणे म्हणाले, "मी पाय ठेवलेला नाही. फटफटी पडली."

"होय बाबा."

"हे लक्षात असू दे सगळ्यांच्या. फटफटी पडली."

"व्हय व्हय," सासू म्हणाली. "फटफटीचीच चूक हाय. चला, च्या घ्या." आणि ती पडलेले बोंबील गोळा करायला लागली. बाळानं तेवढ्यात लग्नातला कोट ओला केला.

ते ओट्यावर जाऊन बसले, चहा घेतला. मुलगी त्यांच्याशी बोलत होती. मी एका कोपऱ्यात बसून होते, कुणाला माझी गरज नव्हती, आणि मला किती बरं वाटत होतं! हँडल वाकलं होतं, टाकीला मोठा पोचा आला होता. जावई म्हणाला, मी करून ठेवतो. टाकीचा पोचा पुढे काकांनी कधी काढू दिला नाही. कुणी विचारलं की सांगायचे, परदेशात पडली होती.

परत आम्ही चालत बोटीवर आलो, तोवर पाणी वर चढलं होतं. काका अनवाणी. बोटवाल्यांनी त्यांचे पाय बघितले आणि एकमेकांकडे बघितलं. एकानं विचारलं, "काका, घोडा?"

"तिकडे ठेवलाय. मुलीकडे."

पाणी मध्यावर आलं. मी त्यांच्या मनगटाकडे बघत होते. ते मागे, मुलीच्या गावच्या काठाकडे तोंड करून उभे होते, घड्याळाला हात लावला नाही. नंतरही ते घड्याळ तसंच राहिलं, पाच मिनिटं पुढे. वेळ विचारली की आम्ही मनातल्या मनात पाच मिनिटं वजा करायचो.

घरी आलो तेव्हा काकू दारात होत्या. त्यांची नजर नेहमीसारखी आधी खाली गेली. काकांच्या घोट्यांपर्यंत काळा चिखल होता, बोटांच्या फटींत वाळत आलेला.

"फटफटी कुठाय?"

"पडली. मी पाय ठेवला नाही."

"बरं."

काका सवयीनं तांब्याकडे वाकले. काकूंनी तांब्या आधीच उचलून मागे घेतला.

"धुऊ नका," त्या म्हणाल्या. "परत जायचंय."

आत गेल्या, केस सारखे केले आणि खुंटीवरची पिशवी काढून बाहेर आल्या. मीही उठले, तेव्हा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तू बस गं बाय. आता दुभाषी कशाला?"

दोघं गल्लीतून निघाली. काकू पुढे, पिशवी कुणाला न देता छातीशी धरलेली. काका मागे, कोटाला खवल्यांची चमक आणि पाय अनवाणी. वळणावर ती दिसेनाशी झाली. मग मी बादलीत पाहिलं. थोडी रिकामी होती, ती नळावरून काठोकाठ भरून आणली आणि दाराशी ठेवली. आता दोघांचे पाय धुवायचे होते.